बाहुलीनाट्याची रेसिडेन्सी: अर्ज, कागदी बाहुली आणि कच्चा प्रयोग

रेसिडेन्सी म्हणजे शिकवणी नव्हे आणि निर्मितीचा कारखानाही नव्हे. कलाकाराला काही दिवस जागा, वेळ, थोडे पैसे आणि जाणकारांची नजर मिळते. त्यात त्याने नवं काम उभं करून पाहायचं, एवढाच करार. बाहुलीनाट्याला ही सोय इतर नाटकांपेक्षा जास्त लागते. माणसांचं नाटक चार खुर्च्या मांडून दिवाणखान्यात वाचता येतं. बाहुलीचं नाटक बाहुली हातात आल्याशिवाय कळत नाही. 'म्हातारी उठते, खिडकी उघडते, पाऊस बघते' ही कागदावरची एक ओळ टेबलावर करायला तीन माणसं, एक सरकती चौकट आणि दीड मिनिट लागतं. करून झाल्यावर कधी कधी असंही दिसतं की खिडकीची गरजच नव्हती.

नवखी मंडळी बहुतेक वेळा दोनांपैकी एक ओझं घेऊन येतात: बांधून पक्की केलेली संहिता किंवा रंगवून-सजवून तयार केलेली बाहुली. संहिता पक्की असली की बाहुलीच्या तोंडी न शोभणारी वाक्यंही काढवत नाहीत. बाहुली पक्की असली की तिचा खांदा चुकीच्या जागी आहे हे दिसत असूनही तिला करवत लावायला हात धजत नाही. म्हणून या लेखाचा भर कच्च्या बाहुलीवर आहे. पुढची मांडणी साधारण चार आठवड्यांच्या मुक्कामाची, टेबलावरच्या बाहुलीची आणि तीन चालकांच्या, म्हणजे बाहुली हलवणाऱ्यांच्या, चमूची आहे.

कुठल्या प्रकारची रेसिडेन्सी

जगात याचे तीन ढोबळ नमुने आहेत. पहिला शिबिराचा. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरफर्डला युजीन ओ'नील थिएटर सेंटरमध्ये जूनच्या सुमारास राष्ट्रीय बाहुलीनाट्य परिषद भरते. काही दिवस सगळे एकत्र राहतात, बनवतात आणि शेवटी करून दाखवतात. वेग जबरदस्त असतो. चिंतन वगैरे घरी जाऊन करायचं.

दुसरा नमुना लांब पल्ल्याचा. ब्रुकलिनमधल्या सेंट अ‍ॅन्स वेअरहाऊसने चालवलेल्या पपेट लॅबची रीत अशी: निवडलेले कलाकार काही महिने दर आठवड्याला भेटणार, एकमेकांचं अर्धवट काम बघून बोलणार आणि शेवटी 'लाबापलूझा' नावाच्या छोट्या महोत्सवात लोकांसमोर मांडणार. आमच्या मते नवं काम शिजायला हा प्रकार सर्वांत चांगला, पण त्यासाठी त्याच शहरात राहावं लागतं.

तिसरा नमुना मुक्कामाचा. फ्रान्समधल्या शार्लव्हिल-मेझियेर या गावात १९६१पासून जागतिक बाहुलीनाट्य महोत्सव होतो, १९८१मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय बाहुली संस्था उभी राहिली आणि १९८७पासून तिची स्वतंत्र शाळा आहे. संशोधन करायचं असेल, जुने प्रयोग आणि आराखडे चाळायचे असतील तर हे ठिकाण सोन्यासारखं. फक्त महोत्सवाच्या सप्टेंबरात शांतपणे काम होईल अशी आशा धरू नये.

भारतात केवळ बाहुलीनाट्यासाठीच्या रेसिडेन्सी मोजक्याच. बहुतेक लोक प्रयोगकलांच्या सर्वसाधारण रेसिडेन्सीत शिरकाव करतात आणि पैशांची जोड वेगळ्या अनुदानातून घालतात. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स हे त्यातलं महत्त्वाचं नाव. तिथे अर्ज भारतीय भाषांतून करता येतो, म्हणजे मराठीतूनही. मोडक्या इंग्रजीत घुसमटण्यापेक्षा नीट मराठीत लिहिलेला अर्ज केव्हाही बरा.

जागा निवडताना नावापेक्षा पुढच्या गोष्टी विचारून घ्या. खोलीत पूर्ण अंधार करता येतो का? छताला दिवे टांगायला पाइप आहे का? सुतारकामाला वेगळी जागा आहे का, की तालमीच्या लाकडी फरशीवरच गोंद सांडायचा? सहकाऱ्यांना मानधन मिळतं की फक्त मुख्य कलाकाराला? शेवटचा प्रयोग सक्तीचा आहे का? आणि रात्री चावी मिळते का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण गोंद रात्री वाळतो आणि वाळल्यावर दुसरा थर द्यायचा असतो. संध्याकाळी सहाला कुलूप पडणाऱ्या इमारतीत चार आठवड्यांचे अडीचच होतात.

अर्ज

निवड समितीला कथा नको असते, प्रश्न हवा असतो. 'पाणीटंचाईवर प्रबोधनपर बाहुलीनाट्य' असं लिहिलेले अर्ज पहिल्या फेरीतच गळतात, कारण त्यात बाहुलीचं काय काम हे कुठेच येत नाही. त्याच विषयावर असं लिहा: 'एक म्हातारी आणि एक घागर. घागर कागदाची, वजन जेमतेम ३० ग्रॅम. ती भरलेली आहे, अर्धी आहे, रिकामी आहे हे एकही शब्द न बोलता प्रेक्षकाला कसं कळेल?' आता वाचणाऱ्याला दिसतं की हे बाहुलीनेच होणार आहे आणि शोधायला चार आठवडे खरोखर लागतील. हीच म्हातारी आणि घागर पुढे उदाहरणाला घेऊ.

मुख्य टिपण ४०० ते ५०० शब्दांचं पुरे. त्यात चार गोष्टी हव्यात: प्रश्न, बाहुलीचा प्रकार आणि तो का निवडला, चमूत कोण काय करणार, आणि शेवटी दाखवायला काय तयार असेल. 'पूर्ण नाटक' असं कबूल करू नका. '१० ते १५ मिनिटांचे प्रसंग' म्हणा.

व्हिडिओबद्दल सगळ्यांत जास्त गफलत होते. लोक पार्श्वसंगीत लावून तुकडे जोडलेला झगमगीत व्हिडिओ पाठवतात. समितीला बघायचं असतं की बाहुली सलग तीन मिनिटं जिवंत राहते का. म्हणून कॅमेरा तिपाईवर, एकच अखंड शॉट, संगीत नाही, चालकांचे हात चौकटीत. आधीचं काम नसेल तर खाकी कागदाची बाहुली करून ती खुर्चीवर बसते, थांबते, उठते एवढं चित्रित करा.

अंदाजपत्रकात रकमा प्रत्येकाच्या वेगळ्या, पण प्रमाण साधारण असं ठेवलं की निभतं: मानधन निम्म्याहून थोडं जास्त, साहित्य १५ टक्के, प्रवास आणि सामानाची ने-आण १५ टक्के, चित्रीकरण ५ ते १० टक्के, अचानक खर्चासाठी १० टक्के. साहित्यावर ४० टक्के आणि सहकाऱ्यांना 'चहा-नाश्ता' असं लिहिलेलं अंदाजपत्रक अनुभवी माणूस लगेच बाजूला ठेवतो. तीन चालकांची बाहुली तिघांच्या वेळेवर चालते, आणि तिसऱ्या आठवड्यात बाहुलीचे पाय हलवणारा चालक दुसऱ्या कामासाठी निघून गेला तर म्हातारी लंगडी होते.

सोबत काय न्यायचं

खाकी कागदाचे १५-२० मोठे ताव, २४ मिलिमीटरची मास्किंग टेप ६ रिळं, सुतळी, जाड सुती कापडाच्या पट्ट्या, दाभण, कटर आणि जादा पाती, पक्कड, कानस, पॉलिश पेपर, बांबूच्या कामट्या, सायकलच्या दहा-बारा स्पोक. हातांना काठी लावायला स्पोकइतकी स्वस्त आणि ताठ वस्तू दुसरी नाही. एका टोकाला पकडीने वळवून कडी करता येते. काळे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि काळे मोजे प्रत्येकाचे स्वतःचे. मोबाइलची तिपाई विसरू नका, रोज लागते.

पहिला आठवडा: खाकी कागदाची म्हातारी

पहिल्याच दिवशी बाहुली उभी राहिली पाहिजे. उंची ६५ ते ७० सेंटिमीटर. माणसाचं शरीर त्याच्या डोक्याच्या साडेसात पट भरतं, बाहुलीचं पाच ते सहा पट ठेवतात, म्हणजे लांबून चेहरा वाचता येतो.

१. चार-पाच ताव घेऊन चांगले चुरगळा, उलगडा, परत चुरगळा. कागद फडक्यासारखा मऊ झाला पाहिजे. कोरा कागद आकार धरत नाही आणि प्रत्येक हालचालीला कुरकुरतो.

२. डोकं १२ सेंटिमीटर उंच. नाक ठळक काढा. डोळे-ओठ रंगवू नका, अजून काहीच ठरलेलं नाही. डोक्याच्या मागे खालच्या बाजूला तिरकी १२ सेंटिमीटरची बांबूची मूठ बसवा. मान ३ सेंटिमीटर आणि कापडाची, म्हणजे डोकं चारी दिशांना वळेल.

३. धड एकूण २२ सेंटिमीटर, पण दोन तुकड्यांत: छाती वेगळी, कंबर वेगळी, मध्ये चार बोटं कापड. छाती आतून पोकळ ठेवा. गच्च भरलेल्या छातीला श्वास घेता येत नाही.

४. दंड १०, कोपरापासून मनगट ९, पंजा ८ सेंटिमीटर. मांडी १४, पोटरी १४, पाऊल ९ सेंटिमीटर लांब. पंजे आणि पावलं मुद्दाम थोडी मोठी. घागर पकडताना तीच दिसणार आहेत.

५. सांधे. इथे निम्म्या बाहुल्या बिघडतात. दोन तुकडे टोकाला टोक लावून ठेवा आणि सांधा ज्या बाजूला मिटायला हवा त्याच बाजूला पट्टी चिकटवा. गुडघ्याला मागून, कोपराला आतून. मग तो एकाच दिशेने वाकतो, उलटा जात नाही. चारी बाजूंनी टेप गुंडाळली की सांधा संपला, काठी झाली. खांदा आणि खुबा मात्र कापडाच्या सैल पट्टीवर.

एवढ्याला तिघांना दोन तास पुरतात. वजन ५०० ग्रॅमच्या आत ठेवा. ८०० च्या वर गेलं की दहाव्या मिनिटाला मनगट थरथरू लागतं आणि प्रेक्षकाला वाटतं म्हातारीला कंप आहे. कागदी कंबर दर दोन-तीन दिवसांनी ढिली पडते, म्हणून रोज सकाळची पहिली १५ मिनिटं डागडुजीची.

चालकांची वाटणी जपानच्या बुनराकु या बाहुलीनाट्याच्या परंपरेतून आली आहे: मुख्य चालक डोकं आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. बुनराकुमध्ये स्त्री-बाहुल्यांना बहुतेक वेळा पायच नसतात. पायवाला चालक किमोनोचा घोळ हलवून चाल दाखवतो. आपल्या म्हातारीला गोल पातळ नेसवलं तर ही पळवाट चालेल. नऊवारीत पोटऱ्या उघड्या दिसतात, तिथे पाय करावेच लागतात.

आता चार दिवस नाटक नाही, फक्त सराव. सुरुवात श्वासापासून. बाहुली बसलेली; श्वास घेताना छाती दीड-दोन सेंटिमीटर वर, सोडताना खाली, डोकं किंचित मागोमाग. तिघांनीही ऐकू येईल असा तोच श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग या बाहुलीनाट्य कंपनीचे मोठे बाहुली-घोडे तीन जण चालवतात, डोकं, काळीज आणि मागचं अंग अशी वाटणी असते, आणि तिथेही सगळं श्वासावरच चालतं. कृती कुठलीही असो, आधी श्वास, मग हालचाल. हाच तिघांमधला न बोललेला इशारा असतो. 'एक-दोन-तीन' मोजून उचलणाऱ्या चमूची बाहुली यंत्रासारखी दिसते.

मग नजर. कागदी बाहुलीला डोळे नाहीत, नाक हीच सुई. आधी नाक घागरीकडे वळतं, क्षणभर थांबतं, मगच हात निघतो. चालकांनी सतत बाहुलीकडेच बघायचं. एकाने जरी प्रेक्षकांकडे नजर टाकली तर लोक त्याच्याकडे बघू लागतात.

आणि जमीन. पावलं टेबलाला टेकलेली हवीत. थकवा आला की मुख्य चालकाचा हात नकळत वर जातो आणि म्हातारी दोन बोटं तरंगते. उलट झालं तर गुडघ्यात खचते. हे आतून कळत नाही, म्हणून बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल लावून दर अर्ध्या तासाने बघा.

घागरीचा प्रसंग याच तीन गोष्टींतून घडतो. भरलेली घागर उचलताना आधी खोल श्वास, मग कंबर वाकते, हात ताणले जाऊन कोपरं सरळ होतात, एक अडलेला क्षण, आणि त्यानंतर घागर टेबलावरून सुटते. पावलं अर्धी पडतात, धड विरुद्ध बाजूला कलतं. ठेवताना घागर आधी टेकते, खांदे नंतर सुटतात. रिकामी घागर उचलताना हात आणि घागर एकदमच निघतात, श्वास वरवरचा. बहुतेक चमू वजन दाखवायला घागर हळू उचलतात. नुसत्या हळू हालचालीने वजन दिसत नाही, आळस दिसतो. वजन दिसतं ते सुटण्याआधीच्या त्या अडलेल्या क्षणात. तो साधारण अर्ध्या सेकंदाचा हवा. दोन सेकंदांचा झाला की विनोदी वाटतो.

बाहुली सलग ४५ मिनिटांपेक्षा जास्त धरू नका. मग दहा मिनिटं हात खाली, बोटं मोकळी.

टेबल आणि कंबरदुखी

टेबलाची उंची ९५ ते १०५ सेंटिमीटर, खोली ६०, लांबी १८० ते २४०. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटरचं असतं. त्यावर चार दिवस तालीम केली की पायवाला चालक पाचव्या दिवशी उठत नाही. पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घाला आणि टेबल डुलत नाही ना ते बघा. वर काळं खरखरीत कापड ताणून खिळवा. गुळगुळीत सनमायक्यावर कागदी पावलं घसरतात आणि दिवा चकाकतो.

दुसरा आठवडा: आधी चित्रं, मग शब्द

प्रत्येक प्रसंग एका कार्डावर, एकाच वाक्यात, क्रियापदासह: 'म्हातारी घागरीत डोकावते.' ज्या कार्डावर क्रियापद म्हणून 'वाटतं', 'आठवतं', 'जाणवतं' आलं ते बाजूला ठेवा. बाहुलीला आठवत नाही, ती थांबते, वळते, हात मागे घेते. १२ ते १५ कार्डं झाली की भिंतीवर लावा आणि प्रत्येक प्रसंग आधी मुका करा. मुका कळला तर शब्द नकोत. अर्धा कळला तर एक वाक्य. अजिबात नाही कळला तर संवाद घालूनही वाचणार नाही.

हिशेब असा धरा: दिवसाभराच्या तालमीत पक्की कृती जेमतेम दोन मिनिटांची होते. म्हणजे आठवड्यात दहा-बारा मिनिटं. ४० मिनिटांची संहिता घेऊन आलेल्यांनी हा गुणाकार पहिल्या दिवशीच करावा.

बोलायचं असेल तर आवाज कुणाचा? बुनराकुत गायक-निवेदक बाजूला बसून सगळ्यांचे आवाज काढतो. आपल्या कळसूत्री परंपरेतही गाणं आणि निवेदन बाहुल्यांइतकंच महत्त्वाचं. मुख्य चालकाने बोलणं सोपं, कारण श्वास एकच राहतो. आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज मात्र या टप्प्यावर टाळाच, कारण तालमी मग त्या मुद्रणाच्या मागे धावू लागतात आणि विराम बदलता येत नाहीत. बोलताना अक्षरागणिक डोकं हलवू नका. वाक्यातल्या एकाच शब्दावर, जोर असेल तिथे, हलकी हालचाल पुरते. दोन बाहुल्या असतील तर ऐकणारी स्थिर, नाहीतर कोण बोलतंय ते कळत नाही.

सावल्यांचा प्रसंग घालायचा मोह याच आठवड्यात होतो. घाला, पण दिवा तपासून. एकाच बिंदूतून प्रकाश देणारा दिवा हवा. अनेक एलईडी दाण्यांचा बल्ब लावला तर प्रत्येक दाण्याची वेगळी सावली पडते आणि घागरीच्या कडा पसरतात. मोठेपणाचं गणित सरळ आहे: दिवा पडद्यापासून ३ मीटर आणि आकृती दिव्यापासून १ मीटर असेल तर सावली तिप्पट. आकृती पडद्याला चिकटवली की सावली तिच्याच आकाराची आणि धारदार. पडद्याला शिवण नसलेलं पांढरं सुती कापड, चारी बाजूंनी ताणलेलं. सुरकुती पडली की सगळी जादू गेली.

तिसरा आठवडा: फक्त डोकं आणि हात पक्के

आता कळलेलं असतं की म्हातारी नेहमी उजवीकडेच बघते, तिला बसण्यापेक्षा वाकणं जास्त आहे, डावा हात जवळजवळ रिकामाच. या माहितीवर डोकं आणि पंजे बनवा. बाकीचं धड कागदी राहू द्या.

शाडूमध्ये चेहरा घडवा. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात. नवखे हमखास वर काढतात आणि कपाळ उरत नाही. खोबणी खोल ठेवा, कारण बाजूने आलेला दिवा त्यात सावली पाडतो आणि डोकं थोडं कललं तरी भाव बदलल्यासारखा दिसतो. हसरा किंवा रडका चेहरा करू नका. तटस्थ चेहरा नाटकभर चालतो. शाडूवर व्हॅसलिनचा पातळ हात द्या आणि कागदाच्या पट्ट्या चिकटवा: २ बाय ५ सेंटिमीटर, कात्रीने कापलेल्या नाही, हाताने फाडलेल्या, कारण फाटकी कड पुढच्या थरात मिसळून जाते. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी, असं आलटून पालटून; म्हणजे कुठे थर राहिला ते रंगावरून कळतं. एकूण सहा थर. मैद्याची खळ किंवा पाण्यात निम्म्याने पातळ केलेला पांढरा गोंद चालतो. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. ते विषारी असतं, तेव्हा हातमोजे घाला आणि भांडं वेगळं ठेवा.

वाळायला कोरड्या हवेत पंख्याखाली एक दिवस लागतो, कोकणातल्या पावसात दोन-तीन. वरून कोरडं आणि आतून ओलं असताना कापलं तर डोकं वेडंवाकडं होतं आणि आठवड्याने बुरशीचा वास येतो. कानांच्या मागून दोन फाका करा, शाडू काढा, आत मूठ पक्की बसवा, मग जोडा. १५० ते २०० ग्रॅम भरलं तर छान. रंग मॅटच हवा. तैलरंगाचं चकाकतं कपाळ दिव्याखाली आरशासारखं चमकतं. डोळ्यांत मात्र काळ्या बुबुळावर चकाकत्या वार्निशचा एकच ठिपका द्या.

कळसूत्री म्हणजे दोऱ्यांच्या बाहुल्या चार आठवड्यांत नव्याने शिकून दाखवायचा हट्ट करू नये. साध्या बाहुलीलाही नऊ दोरे लागतात (डोक्याला दोन, खांद्यांना दोन, पाठीला एक, हातांना दोन, गुडघ्यांना दोन) आणि त्यांची लांबी जुळवण्यातच आठवडा जातो. आधीपासून हात बसलेला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही मासेमारीचा पारदर्शक दोरा टाळा. तो दिव्यात काळ्या दोऱ्यापेक्षा जास्त चमकतो.

प्रकाश

बाहुलीवर उजेड, चालकांवर अंधार, एवढंच साधायचं. समोरून दिवा टाकला की मागचे तिघे उजळतात. दोन्ही बाजूंना, टेबलापासून दीड-दोन मीटरवर, टेबलापेक्षा किंचित उंच असे शटरवाले, म्हणजे प्रकाशाची कड हवी तिथे कापता येणारे, दोन प्रोफाइल स्पॉट लावा. मागचं शटर चालकांच्या छातीच्या पुढे कापा, खालचं टेबलाच्या कडेवर. प्रकाशाची एक गल्ली तयार होते. बाहुली टेबलाच्या पुढच्या ३० ते ४० सेंटिमीटरांतच राहिली पाहिजे. मागे सरकली की तीही अंधारात आणि चालकांच्या कोपरांची सावलीही तिच्यावर. मागे काळं मखमली कापड असेल तर उत्तम. साधं काळं सुती कापड दिव्यात करडं दिसतं.

चौथा आठवडा: कच्चा प्रयोग

सोमवारी नवं काही शोधणं बंद. मंगळवार-बुधवार दिवे आणि आवाज, गुरुवारी दोन रंगीत तालमी, शुक्रवारी लोक. ३० ते ४० प्रेक्षक पुरतात. सपाट जमिनीवर तिसऱ्या रांगेपासून बाहुलीचे पाय दिसत नाहीत. पहिली रांग सतरंजीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी उंच पट्टीवर बसवा.

सुरुवातीलाच सांगा की हे अर्धवट आहे, किती मिनिटांचं आहे आणि नंतर कशाबद्दल बोलायचं आहे. मग माफी मागत बसू नका.

प्रतिक्रिया मोकळ्या सोडल्या तर पहिला माणूस उठून शेवट बदलायला सांगतो आणि पुढची वीस मिनिटं त्यातच जातात. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांची चार पायऱ्यांची पद्धत इथे कामाला येते. आधी प्रेक्षक काय लक्षात राहिलं ते सांगतात. मग कलाकार आपले प्रश्न विचारतो. मग प्रेक्षक साधे, आत स्वतःचं मत न दडवलेले तटस्थ प्रश्न विचारतात. शेवटी 'अमुक गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, ऐकाल का?' असं विचारून, होकार मिळाला तरच मत. कलाकाराचे प्रश्न नेमके हवेत. 'कसं वाटलं?' असं विचारलं की 'छान' मिळतं. 'घागर केव्हा रिकामी झाली असं तुम्हाला वाटलं?' असं विचारलं की दहा जणांकडून दहा जागा कळतात, आणि पुढच्या महिन्याचं काम तिथेच दिसतं. उत्तरं एकाने लिहून घ्यावीत. चालकांनी नको, ते दमलेले असतात.

परंपरेतून घेताना

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाच्या घरांनी चित्रकथी (पोथीतली चित्रं दाखवत कथा सांगणं), कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली; त्यांच्या 'ठाकर आदिवासी कला आंगण' संग्रहालयात या गोष्टी बघता येतात. तुमच्या प्रकल्पात यातलं काही येणार असेल तर रेसिडेन्सीच्या आधी तिथे जा, आणि अंदाजपत्रकात शिकवणाऱ्या कलाकाराचं मानधन 'साहित्य' खाली न दडवता वेगळ्या ओळीत दाखवा. पोथीतली चित्रं विचारल्याशिवाय काढू नका, आकृत्या जशाच्या तशा उचलून पोस्टरवर लावू नका. नाव कसं द्यायचं, चित्रीकरण कुठे दाखवायचं, पुढे प्रयोग झाले तर किती वाटा, हे एका पानावर मराठीत लिहून दोघांनी सह्या करा. तोंडी 'बघू नंतर' वर सोडलेलं प्रकरण पुढे हमखास चिघळतं. सहचालकांशीही असाच कागद हवा, कारण म्हातारीची चाल पायवाल्याने शोधलेली असते.

सामान आणि परतीचा प्रवास

परदेशी जायचं असेल तर बाहुली पेटीच्या मापाने बनवा. विमान कंपन्या साधारणपणे २३ किलो वजनाची आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटर असलेली पेटी धरतात. त्याहून मोठी झाली की जादा पैसे. डोकं आणि पंजे हातातल्या पिशवीत, धड चेक-इनमध्ये. कटर, स्पोक, दाभण हातातल्या पिशवीत ठेवले तर सुरक्षा तपासणीत काढून घेतले जातात. सामान तात्पुरतं नेऊन परत आणण्यासाठी 'एटीए कार्ने' हा कागद भारतात फिक्की ही उद्योगसंघटना देते. त्यात प्रत्येक वस्तूची यादी लागते आणि गेलेली प्रत्येक वस्तू परत यावी लागते, म्हणून खाकी कागदाच्या कच्च्या बाहुल्या त्यात घालू नका. चामडं, पिसं, सालीसकट लाकूड यांवर अनेक देशांचे निर्बंध असतात, आधी विचारा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. त्यात प्रवासाचे दिवसही मोजले जातात.

घरी आल्यावर बाहुली पेटीत घडी करून महिनाभर पडू देऊ नका. कापडी मान मोडते. डोक्याला सुती पिशवी घालून, मुठीला दोरी बांधून टांगा. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि कागदी धड सरळ फेकून द्या, नवं दोन तासांत होतं. चित्रीकरणातून एक अखंड तीन मिनिटांचा तुकडा वेगळा काढून ठेवा. पुढच्या अर्जाला तोच लागणार आहे.